ओढ्यावर वीज काढायचीये? आधी बादली आणि घड्याळ घ्या

सेकंदाला दहा लिटर पाणी आणि वीस मीटरची उतरण. एवढं असलं तरी साधारण एक किलोवॅट वीज निघते, आणि ती दिवसा पण निघते रात्री पण निघते, ढग आले तरी निघते, वारा पडला तरी निघते. दहा लिटर म्हणजे काय तर एक लहान बादली. दर सेकंदाला अशी एक बादली सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली ओतत राहायची, बस्स. ज्यांच्या घराशेजारून किंवा वस्तीच्या वरच्या अंगाला बारमाही ओढा वाहतो अशा कितीतरी लोकांना हे माहितीच नसतं, ते सोलर आणि डिझेल जनरेटरच्या कोटेशनमध्येच अडकून पडतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. जलविद्युतचे फायदे सगळीकडे वाचायला मिळतात पण तुमच्या ओढ्यात त्यातला किती फायदा आहे हे कोणी सांगत नाही, ते तुम्हालाच मोजावं लागतं आणि मोजणं अवघड नाहीये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सोलरचा एक किलोवॅट आणि पाण्याचा एक किलोवॅट हे सारखे नाहीत. सोलरचा एक किलोवॅट म्हणजे लख्ख उन्हात, पॅनेलचं तोंड बरोबर सूर्याकडे असताना मिळणारा. चांगलं ऊन असलेल्या जागी त्यातून दिवसाला चार-पाच युनिट हाती लागतात. पाण्याचा एक किलोवॅट अखंड चालला तर दिवसाला २४ युनिट, वर्षाला ८७६०. साफसफाईसाठी बंद ठेवलं, कोरड्या दिवसांत पाणी कमी झालं, हे सगळं वजा करून ६००० युनिट जरी मिळाले तरी तेवढ्यासाठी सोलरचे साधारण चार किलोवॅटचे पॅनेल लागतील, वर रात्रीसाठी बॅटरी वेगळी आणि बॅटरी दर काही वर्षांनी बदलायची ती वेगळीच. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही, उलट जिथे दोन्ही शक्य आहे तिथे दोन्ही लावावं, कारण जेव्हा ओढा बारीक होतो तेव्हा बहुतेक वेळा ऊन कडक असतं आणि जेव्हा आठवडाभर ढग हटत नाहीत तेव्हा ओढा फुगलेला असतो.

दुसरं म्हणजे यात पाणी खर्च होत नाही. लोकांचा इथे फार घोळ होतो, वाटतं की टर्बाइनने, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चाकाने, पाणी वापरलं म्हणजे खालच्या लोकांचं पाणी गेलं. तसं नसतं, जेवढं पाणी पाईपमध्ये घेतलं तेवढं सगळं खाली परत ओढ्यात सोडायचं असतं, त्याच्यातून फक्त उंची काढून घेतलेली असते. ती उंची त्याला परत मिळवून द्यायचं काम सूर्य करतो, समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं, डोंगरावर पडतं, परत खाली येतं. रिन्यूएबल म्हणायचं ते याला. फक्त पाणी जिथून उचललं आणि जिथे सोडलं त्यामधला ओढ्याचा तुकडा रोडावतो, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय आणि तो भाग कृपा करून गाळू नका.

मोठ्या प्रकल्पांबद्दल थोडं

गणित लहान ओढ्याला जे लागू तेच अजस्र धरणाला लागू, म्हणून इथे थोडं थांबतो. जगातली सुमारे १५ टक्के वीज आजही पाण्यावर तयार होते. नॉर्वेमध्ये तर जवळपास ९० टक्के. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवरच्या इताइपूमध्ये ७०० मेगावॅटचे २० संच (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी म्हणजे एक संच) आहेत, एकूण १४,००० मेगावॅट, आणि चीनमधलं थ्री गॉर्जेस २२,५०० मेगावॅटचं आहे. पण माझ्या मते पाण्याच्या विजेचा खरा मोठा फायदा या आकड्यांत नाहीये, तो आहे तिच्या चपळपणात. कोळशाचं केंद्र थंड पडलेलं असेल तर ते तापवून पूर्ण लोडवर आणायला कित्येक तास जातात, पाण्याचा संच मात्र गेट उघडलं की काही मिनिटांत पूर्ण ताकदीने चालायला लागतो. संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम दिवे लागतात, त्याच वेळी सोलर झोपतं, तेव्हा ही खिंड लढवायला पाणी उपयोगी पडतं. आणि अख्खी ग्रिडच, म्हणजे सगळीकडे वीज पोचवणारं तारांचं जाळंच, बसली, सगळीकडे अंधार झाला तर? औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे फिरवायलाच बाहेरून वीज लागते, जलविद्युत केंद्राला फार थोड्या विजेत सुरू होता येतं, म्हणून ग्रिड परत उभी करताना बऱ्याचदा सुरुवात पाण्यापासून करतात.

साठवणुकीचं पण तसंच आहे. वर एक तलाव खाली एक तलाव, विजेला गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. यात घातलेल्या विजेपैकी ७० ते ८० टक्के परत मिळते. वेल्समधलं डिनॉर्विग १९८४ पासून हेच काम करतंय, डोंगराच्या पोटात. शिवाय ही यंत्रं टिकतात किती बघा, अमेरिकेतल्या हूवर धरणावरची वीज १९३६ साली सुरू झाली आणि ते केंद्र अजून चालू आहे.

आणि प्रदूषणाचा हिशोब. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०१४ च्या अहवालात बांधकामापासून शेवटपर्यंतचं सगळं धरून एका युनिटमागे कोळशाचे ८२० ग्रॅम, गॅसचे ४९० आणि पाण्याचे २४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरलेत, हे मधले आकडे. पण त्याच तक्त्यात पाण्यासाठी १ पासून २२०० पर्यंत रेंज दिलीय, आणि ती का तर उष्ण प्रदेशात जंगल न तोडता तसंच बुडवलं की ते पाण्याखाली कुजतं आणि मिथेन सुटतो, तोही हवा तापवणारा वायू आहे. ब्राझीलमधलं बाल्बिना धरण याचं कुप्रसिद्ध उदाहरण आहे, प्रचंड मोठा उथळ तलाव आणि त्यामानाने वीज अगदीच थोडी. थ्री गॉर्जेससाठी दहा लाखांहून जास्त माणसं उठवली गेली. इटलीत १९६३ मध्ये वायोंतच्या तलावात डोंगरच घसरला, पाण्याची लाट धरणावरून उडाली आणि सुमारे २००० माणसं गेली, धरणाची भिंत मात्र उभीच राहिली. तेव्हा पाण्याची वीज म्हणजे आपोआप चांगली असं म्हणून चालणार नाही, ती कुठे आणि कशी काढली यावर सगळं आहे. मला लहान, तलाव न करता वाहत्या पाण्यावर चालणारे प्रकल्प जवळचे वाटतात ते याचसाठी, कोणाचं घर बुडत नाही, जंगल बुडत नाही.

आता तुमचा ओढा

हिशोब एका ओळीचा आहे. सेकंदाला किती लिटर × किती मीटर उतरण × ५ = साधारण किती वॅट. खरं तर भौतिकशास्त्राप्रमाणे ५ च्या जागी ९.८१ यायला पाहिजे, पण पाईपमधलं घर्षण, टर्बाइन, जनरेटर, वायर असं सगळीकडे थोडं थोडं गळत जातं आणि लहान संचात शेवटी निम्मंच हातात येतं असं धरून चालावं. मोठ्या केंद्रातली टर्बाइन्स ९० टक्क्यांच्या वर जातात, पण ओढ्यावर कोणी ८० टक्क्यांचा हिशोब मांडून दाखवत असेल तर त्याला अजून प्रश्न विचारा. दहा लिटर, वीस मीटर, गुणिले पाच, झाले हजार वॅट.

यावरून एक गोष्ट लगेच दिसते की पाणी आणि उंची एकमेकांची जागा घेऊ शकतात. दोन लिटर पाणी शंभर मीटरवरून आलं तरी तेवढीच वीज, शंभर लिटर दोन मीटरवरून आलं तरी तेवढीच. निवड असेल तर मात्र उंची घ्या, कारण कमी पाणी म्हणजे बारीक पाईप, लहान यंत्र, लहान बांध, सगळंच स्वस्त पडतं.

पाणी मोजणं. ओढा लहान असेल, म्हणजे सेकंदाला वीसेक लिटरपर्यंत, तर बादलीसारखी पद्धत नाही. दगड-माती-प्लास्टिक लावून तात्पुरता बांध घालायचा, त्याच्यात एक पाईपचा तुकडा बसवायचा म्हणजे सगळं पाणी त्यातूनच बाहेर पडेल, आणि त्याच्याखाली माहीत असलेल्या मापाचं भांडं धरायचं. लिटरचं माप भांड्यावर लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, एकदा एक लिटरच्या बाटलीने भरून बघा आणि खूण करा. मग घड्याळ लावायचं. २० लिटर भरायला ४ सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर. भांडं दोन सेकंदांत भरत असेल तर मोठा ड्रम आणा, कारण अर्ध्या सेकंदाची चूक पण तिथे पंचवीस टक्के होते. पाच वेळा मोजा, सरासरी काढा. हे करताना बांधाखालून आणि बाजूने किती झिरपतंय ते नीट बघा, बऱ्याचदा तिथून बरंच पाणी निघून जात असतं आणि माणूस नुसत्या पाईपकडे बघत बसतो.

ओढा यापेक्षा मोठा असेल तर तरंगत्या वस्तूची पद्धत. दहा मीटरचा सरळ, एकसारखा तुकडा शोधा, दोन्ही टोकांना दोरी बांधा, अर्धी भरलेली बाटली वरून सोडा आणि किती सेकंदांत खालच्या दोरीशी येते ते बघा. समजा २० सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. पण हा वेग पृष्ठभागावरचा आहे, तळाला पाणी दगडांना घासत हळू चालतं, म्हणून ०.७ ने गुणायचं, तळ फारच खडबडीत आणि उथळ असेल तर अजून कमी धरायचं. मग रुंदी आणि सरासरी खोली. खोली पाच-सहा ठिकाणी काठीने मोजा. रुंदी ०.८ मीटर, खोली ०.१५ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.१२, त्याला ०.५ आणि ०.७ ने गुणलं की ०.०४२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ४२ लिटर. ही पद्धत ढोबळ आहे, वीस टक्के इकडे तिकडे होणारच.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते कारण ती एकदा लावली की वर्षभर मोजत राहता येतं. एका फळीत काटकोनाचा व्ही कापायचा, टोक खाली, फळी ओढ्यात आडवी घट्ट बसवायची म्हणजे पाणी व्हीमधूनच पडेल. फळीच्या मागे मीटरभर वर एक पट्टी रोवायची, तिचा शून्य व्हीच्या टोकाच्या बरोबर पातळीत. आता व्हीच्या टोकाच्या वर पाणी १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटीमीटर असेल तर साधारण २५ लिटर. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटीच्या वर जातं, त्यामुळे पट्टी वाचताना सेंटीमीटरभर चूक पण महागात पडते, डोळा पाण्याच्या पातळीला नेऊन वाचा. दर आठवड्याला आकडा वहीत टिपायचा, तारखेसकट.

आणि हे महत्त्वाचं, अगदी महत्त्वाचं. मोजायचं ते सगळ्यात कोरड्या दिवसांत. ओढा फुगलेला असताना जो आकडा येतो तो डोक्यात घेऊन लोक संच विकत घेतात आणि वर्षातले चार महिने तो नुसता उभा असतो. कोरड्या दिवसांत जेवढं मिळतं तेवढ्यावर रोजची गरज बसवा, वरचं जे मिळेल ते जास्तीचं. वर्षभर मोजायला धीर होत नसेल तर निदान कोरडा काळ संपेपर्यंत थांबा, आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हा ओढा कधी आटलेला आठवतो का. झांबिया आणि झिम्बाब्वेमधलं करिबा धरण एवढं अवाढव्य, पण दुष्काळात तिथलं पाणी इतकं खाली गेलं की झांबियाला रोज कित्येक तास वीज बंद ठेवावी लागली, आणि हे एकापेक्षा जास्त वेळा झालंय.

उंची मोजणं. फोनवरचं ॲप वापरू नका. मी एकदा एका जागेसाठी ॲपवर ३१ मीटर बघून पुढचा सगळा हिशोब मांडला होता, नंतर नळीने मोजलं तर २२ निघाले, म्हणजे कागदावर जी वीज होती त्यातली तीस टक्के हवेतच होती. गवंडी लोक लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती घ्या, पाण्याने भरा, दोन माणसं पाहिजेत. वरचा माणूस नळीतली पाण्याची पातळी वरच्या जागेला मिळवतो, खालचा माणूस आपल्या बाजूची पातळी खालच्या जमिनीपासून किती वर आहे ते मोजतो, मग दोघं तेवढं खाली सरकतात, टप्प्याटप्प्याने, आणि सगळे टप्पे मिळवायचे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा खोटा येतो, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी सारखी येते का बघा. दोनदा मोजा, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

याहून सोपं म्हणजे लांब होज पाईप वरून खालपर्यंत टाकायचा, पाण्याने पूर्ण भरायचा, खालच्या टोकाला प्रेशर गेज लावायचा. गेजवर १ बार दाब म्हणजे १०.२ मीटर उंची, पीएसआय या दुसऱ्या मापाचा गेज असेल तर १ पीएसआयला ०.७ मीटर. पाणी वाहतं नको, उभं पाहिजे, तरच बरोबर येतं.

पाईप, जाळी आणि गाळ

पाईपमध्ये पैसे वाचवू नका. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. सेकंदाला १० लिटर पाणी शंभर मीटर लांब आणि आतून १०० मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत प्लास्टिक पाईपमधून नेलं तर घर्षणात साधारण दीड मीटर उंची जाते. तेच ७५ मिलिमीटरमधून नेलं तर सहा मीटर. वीस मीटरपैकी सहा मीटर पाईपनेच खाल्ले, रोज, कायमचे! व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण बत्तीस पट होतं, त्यामुळे एक साइज वरचा पाईप घेतला तर नंतर पस्तावायची वेळ येत नाही. पाईप शक्यतो सतत उतरता ठेवा, मध्ये कुबड आलं तर तिथे हवा अडकते आणि पाण्याला वाट राहत नाही, टाळता येत नसेल तर त्या कुबडावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह लावा.

वरच्या टोकाला पाणी उचलायची जागा हा रोजच्या कटकटीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर. ओढ्यात फक्त पाणी नसतं, पालापाचोळा, काटक्या, वाळू, शेवाळ, बेडकाची अंडी सगळं असतं. साधी उभी जाळी लावली की पानं येऊन तिला चिकटतात, पाण्याचा दाब त्यांना अजून घट्ट बसवतो, आणि पहाटे दिवे मंद झाले की समजायचं जाळी भरली. यावर चांगला उपाय म्हणजे तिरकी, किंचित वळणदार जाळी, जिच्या बारीक पट्ट्या प्रवाहाला आडव्या असतात. पाणी त्या पट्ट्यांना धरून फटीतून खाली शिरतं आणि पानं वरून घसरत पुढे ओढ्यात जाऊन पडतात, तिला कोआंडा जाळी म्हणतात. ती नाही मिळाली तरी जाळी तिरकी आणि मोठी ठेवा, पाईपच्या तोंडाच्या कितीतरी पट मोठी, म्हणजे पाणी तिच्यातून हळू जातं आणि पानं चिकटत नाहीत, काढायला पण हातानेच निघतात.

जाळीनंतर एक टाकी. तिच्यात पाणी जरा थांबलं की वाळू तळाला बसते, निवळ पाणी वरून पाईपमध्ये जातं. पाईपचं तोंड तळापासून वर आणि पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली पाहिजे, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. तळाला एक निचऱ्याचा व्हॉल्व्ह, तो अधूनमधून उघडून गाळ सोडायचा. वाळू टर्बाइनमध्ये गेली तर धातू खाऊन टाकते, पेल्टन नावाच्या टर्बाइनच्या (त्याच्याबद्दल पुढे आहे) वाट्यांची धार काही महिन्यांत बोथट झालेली मी बघितलीय, आणि ते सगळं ही टाकी टाळल्यामुळे.

आणि तो ओढ्याचा मधला तुकडा. सगळं पाणी उचलायचं नाही. बांधात एक भोक किंवा खाच अशी ठेवा की आधी तिथून पाणी ओढ्यात जाईल आणि उरलेलंच तुमच्या पाईपकडे वळेल, म्हणजे कोरड्या दिवसांत मोह झाला तरी मासे, खेकडे, खाली पाणी प्यायला येणारी जनावरं यांचा वाटा आपोआप सुटतो. किती सोडायचं याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, पाणी वळवायला परवानगी पण लागते, ती कागदपत्रं पाईप घ्यायच्या आधी करा.

टर्बाइन कोणतं

उंची जास्त आणि पाणी कमी, म्हणजे वीस-तीस मीटरच्या वर, तर पेल्टन. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या भागात लेस्टर पेल्टनने हे चाक शोधलं, १८८० चं पेटंट आहे. हे जवळून बघण्यासारखं यंत्र आहे. चाकाच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात, दोन वाट्यांच्या मध्ये एक धारदार कणा, नोझलमधून सुटलेली पाण्याची धार बरोबर त्या कण्यावर येते, दोन भागांत फाटते, वाटीच्या आतून वळून जवळपास उलट्या दिशेने बाहेर पडते. ५० मीटर उंचीवर ती धार सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने येते, चाकाची कडा तिच्या साधारण निम्म्या वेगाने फिरत असेल तर पाणी आपली जवळजवळ सगळी ताकद देऊन टाकतं आणि वाटीतून निघताना थकल्यासारखं टपकन खाली पडतं. खाली पडणाऱ्या पाण्यात अजून जोर दिसत असेल तर समजा वेग जुळलेला नाही.

मधल्या उंचीला क्रॉसफ्लो चांगलं, दोन चकत्यांच्या मध्ये पन्हाळीसारखी पाती, बनवायला सोपं, साध्या वर्कशॉपमध्ये पण होतं आणि कमीजास्त पाण्याला सांभाळून घेतं. अगदी कमी उंची आणि भरपूर पाणी असेल तर व्हिक्टर काप्लानने १९१३ च्या सुमारास काढलेलं जहाजाच्या पंख्यासारखं काप्लान किंवा मग आर्किमिडीजचा स्क्रू, जो हळू फिरतो आणि मासे सहसा त्यातून सुखरूप खाली जातात. आणखी एक मार्ग म्हणजे साधा पाण्याचा पंप उलटा चालवणं, स्वस्त पडतो, दुरुस्ती सगळीकडे होते, पण पाणी कमी झालं की तो लगेच रुसतो, म्हणून पाणी वर्षभर सारखं असेल तरच. नेपाळच्या डोंगरात पेल्टन आणि जनरेटर एकाच उभ्या दांड्यावर बसवलेला पेल्ट्रिक नावाचा छोटा संच चालतो, तो या सगळ्यातला फार सुटसुटीत प्रकार आहे.

जनरेटर आणि जास्तीची वीज

लहान संचात पाणी कमीजास्त करून वेग सांभाळत बसणं परवडत नाही. म्हणून उलटं करतात, पाणी सारखंच ठेवतात आणि जनरेटरवरचा लोड सारखा ठेवतात. घरात दिवे बंद झाले की जेवढी वीज उरली तेवढी लोड कंट्रोलर लगेच एका हीटरकडे वळवतो, तो हीटर पाण्याच्या टाकीत ठेवला की चोवीस तास गरम पाणी फुकट. ही सोय नसेल आणि घरातला लोड एकदम गेला तर पेल्टनसारखं चाक आपल्या नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन पटीच्या वर पळतं, व्हॉल्टेज चढतं, चालू असलेली उपकरणं जळतात. कंट्रोलर आणि त्याचा हीटर हा खर्च टाळायचा विचार पण करू नका. अगदी छोटा संच, काहीशे वॅटचा, असेल तर बॅटरी आणि इन्व्हर्टर जास्त सोयीचं, दिवसभर थोडं थोडं साठवून संध्याकाळी जास्त वापरता येतं.

यंत्र खाली ओढ्याकाठी आणि घर वर, त्यामुळे वायर लांब पडते. व्हॉल्टेज दुप्पट केलं तर त्याच वायरमध्ये तेवढीच वीज नेताना नुकसान चौथाईवर येतं, म्हणून लांब अंतरावर १२ किंवा २४ व्होल्ट नेऊ नका. जोडणी, अर्थिंग आणि ब्रेकर जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, ओल्या जागेतली वीज माणूस मारते. यंत्राची खोली पुराच्या पातळीच्या वर बांधा, मागच्या मोठ्या पुराच्या खुणा झाडांवर आणि दगडांवर दिसतात, त्याच्याही वर.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करायची नाही. खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाईप वरून हळूहळू भरा, हवा सगळी बाहेर पडू द्या, सांधे एकेक करून हाताने चाचपून बघा गळतंय का. गेजवर तुम्ही मोजलेल्या उंचीइतकाच दाब दिसला पाहिजे, कमी दिसला तर कुठेतरी हवा अडकलीय किंवा टाकी भरलेली नाही. घराचा मेन स्विच बंद, कंट्रोलर आणि हीटर जोडलेले. मग व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा, आणि बंद करताना पण तसाच सावकाश, झटक्यात बंद केला तर चालत्या पाण्याचा सगळा जोर पाईपच्या भिंतीवर आदळतो आणि पाईप फुटतो, याला वॉटर हॅमर म्हणतात. आधी पाण्याचा फसफसता आवाज येतो, मग चाक धरतं, मग एकसुरी गुणगुण सुरू होते. व्हॉल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर झाली, हीटरची टाकी कोमट लागायला लागली की तसंच तासभर चालू द्या, बेअरिंगवर हात ठेवून बघा, हात ठेवता येत नाही इतकं तापलं तर बंद करून अलाइनमेंट तपासा. सगळं ठीक असेल तर घराचा स्विच टाका, आणि वहीत त्या दिवसाची तारीख, पट्टीवरचं पाणी, गेजचा दाब आणि मीटरवरचे वॅट लिहून ठेवा. पुढे कधी वीज कमी वाटली तर याच चार आकड्यांवरून कळेल की पाणी घटलंय, जाळी भरलीय की नोझलमध्ये काडी अडकलीय.